पडलेल्या झाडाचे पेरू

लुबांगान या समुद्रकाठच्या गावातल्या चर्चशेजारच्या शाळेत दुसरीची मुले बाकावर कधी ऐसपैस बसत नसत. प्रत्येक मूल डावीकडे सरकून, उजव्या हाताला वीतभर जागा सोडून बसे. ती जागा त्याच्या रक्षक देवदूताची. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी सहज त्या मोकळ्या जागी आपली पिशवी ठेवली, तेव्हा बाकावरची मुलगी अदबीने उभी राहून म्हणाली, "साहेब, तुम्ही ती त्याच्या मांडीवर ठेवलीत." साहेबांनी पिशवी उचलली, एवढेच नव्हे, तर रिकाम्या जागेची माफीही मागितली.

ही शिस्त मॅम तिकायची. जन्मनाव एस्कोलास्तिका लुमांतास. बाप कोळी, घर समुद्राच्या इतके जवळ, की भरतीला पायरी ओली होई. याच शाळेत परदेशी सिस्टरांच्या हाताखाली ती शिकली, तागबिलारान शहरात जाऊन शिक्षिकेची पदवी घेऊन आली आणि दुसरीच्या वर्गात जी शिरली ती तिथलीच झाली. तिची स्वतःची मुले मोठी होऊन बोटींवर नोकरीला गेली. गावातली मुले मात्र दरवर्षी तेवढ्याच उंचीची येत राहिली.

तिच्या वर्गातून मूल बाहेर पडे तेव्हा त्याला बेरीज-वजाबाकी येई, आणि त्याहून पक्के असे बरेच काही येई. क्रूसाची खूण उजव्या हातानेच करायची. डावखुऱ्यांच्या उजव्या मनगटाला त्यासाठी जूनपासून लाल दोरा असे. मोठ्या माणसाचा हात आपल्या कपाळाला लावायचा, मग तो हात मासळीचा का असेना. जमिनीवर पडलेला पावाचा तुकडा उचलून त्याचे चुंबन घ्यायचे आणि मुकाट्याने खायचा. दुपारची घंटा झाली, की असेल तिथे थांबायचे. पकडापकडीच्या ऐन भरात मैदानभर मुले पुतळ्यासारखी उभी राहत. ज्याच्यावर राज्य असे तोही बिचारा हात पुढे केलेल्या अवस्थेत, पुढच्याच्या सदऱ्यापासून बोटभर अंतरावर, देवाचे नाव घेत थांबे.

शिकवण्याची रीत एकच. "मी म्हणते, तुम्ही म्हणा. मग भिंतीही म्हणतील." आणि खरोखरच, वादळात सापडलेल्या होड्यांवरून परतलेले बाप्ये सांगत, की तोंडून आपोआप प्रार्थना निघाली ती मॅम तिकायच्या चालीत. हे ऐकले, की ती मान खाली घालून हातातली वही उगाच सारखी करी. पण त्या दिवशी संध्याकाळी ती घरी गुणगुणत जाई.

दुसरीच्या वर्षाचे शिखर म्हणजे पहिला ख्रिस्तप्रसाद, वेदीपुढे जिभेवर घ्यायची पवित्र भाकरीची चकती, आणि त्याआधीचे पहिले पापनिवेदन. प्रसादाची तालीम ती चिनी दुकानातल्या गोड लाल चकत्यांवर घेई: जीभ बाहेर, डोळे खाली, चावायचे नाही, टाळूला चिकटली तर बोट घालायचे नाही. पापनिवेदनाची तालीम जास्त अवघड होती. लाकडी कोठडीच्या अंधारात, जाळीपलीकडून फादरांच्या खाकरण्याचा आवाज आला, की मुलांची पाचावर धारण बसे. कुणी रडे, तर कुणी घाबरून दोनाचा पाढा सुरू करी. म्हणून फार वर्षांपूर्वी तिने एक नमुना बसवला. सुरुवातीची प्रार्थना, मग "मी लहान भावाला मारलं, लोलाला उलट बोललो, सिस्टरांच्या झाडाचा पेरू चोरला," मग शेवटची पश्चात्तापाची प्रार्थना. लोला म्हणजे आजी. त्या तीन पापांच्या जागी आपापली घालायची, हे सांगायला ती विसरत नसे. निदान सुरुवातीच्या वर्षांत तरी विसरत नव्हती.

जुने फादर ठार बहिरे होते. ते प्रत्येकाला तीन वेळा 'नमो मारिया' म्हणायला सांगत आणि जाळीतून चॉकलेट सरकवत. त्यामुळे सगळे सुरळीत चालले होते.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात जुने फादर वारले आणि त्यांच्या जागी फादर ओनेसिमो आले. तरुण, सडपातळ, चष्मा लावणारे, आणि कानाने तिखट.

मार्चमधल्या त्या शुक्रवारी मॅम तिकायने वर्ग रांगेने चर्चमध्ये नेला. रविवारी ख्रिस्तप्रसाद. गावात तयारीला ऊत आला होता. घरोघरी पांढरे फ्रॉक वाळत होते, भट्ट्यांची राख उपसली जात होती. तीनचाकी चालवणाऱ्या गोर्योने मुलासाठी, पिद्योंगसाठी, अख्खे डुक्कर ठरवले होते. शिवाय पिद्योंगची आई हाँगकाँगच्या घरकामातून खास रजा काढून आली होती आणि सोमवारच्या बोटीने परत जाणार होती. सगळे रविवारवर टेकले होते.

मुले एकामागून एक कोठडीत गेली आणि झपाट्याने बाहेर आली. कुणी रडले नाही, कुणी पाढे म्हटले नाहीत. मॅम तिकाय पहिल्या बाकावर बसून ओठांनी त्यांच्यासोबत म्हणत होती. इतका सुंदर वर्ग तिला आठवत नव्हता.

शेवटी फादर ओनेसिमो बाहेर आले. चेहरा लालबुंद. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"फादर, प्रार्थनेत कुणी चुकलं का?"

"प्रार्थनेत एकही चूक नाही, मॅम."

"मग?"

फादर छताकडे पाहू लागले. जणू मदत तिथून येणार होती. "मॅम, जाळीपलीकडचं मला कुणाशी बोलता येत नाही. तुम्हीच मुलांना शिकवलंय हे."

"हो, पहिल्याच आठवड्यात."

"तर मी एवढंच म्हणतो, की उद्या दुपारी मी पुन्हा बसणार आहे. सगळ्यांसाठी." आणि ते जवळजवळ पळतच पुरोहितघराकडे गेले.

तिला राग आला. इतकी वर्षे या कामात घालवल्यावर कालचा मुलगा आपल्याला तालीम पुन्हा घ्यायला सांगतो! पण खाऊच्या वेळी तांदळाचे वाफवलेले पुतो वाटत ती मुलांच्या मागून जात होती, तेव्हा पिद्योंगची तक्रार तिच्या कानावर पडली.

"मला फादरनी विचारलं, झाड कुठंय म्हणून. मला काय माहीत?"

"मलापण विचारलं," मिन्याय म्हणाली. मिन्याय म्हणजे वर्गातली सर्वांत नेटकी मुलगी. तिच्या वेणीतला केसही परवानगी मागून हलत असे. "मी म्हटलं, मॅमना विचारा."

मॅम तिकायच्या हातातली थाळी थांबली. सिस्टरांचे पेरूचे झाड मोठ्या वादळात मुळासकट पडले होते. तेव्हा ही मुले जन्मलीही नव्हती.

"पिद्योंग, तू पेरू चोरलास?"

"नाही, मॅम!"

"मिन्याय, तुला तर धाकटा भाऊच नाही. तू कुणाला मारलंस?"

मिन्यायचा चेहरा गोंधळला. "कुणालाच नाही. पण मॅम, ते त्यात आहे ना? भाऊ, लोला, पेरू. मी एक शब्दही सोडला नाही."

"आणि तू? आणि तू?"

सगळ्यांनी हात वर केले. उजवे. अभिमानाने.

त्या संध्याकाळी घरी जाताना ती गोर्योच्या तीनचाकीत बसली. गोर्यो तिचाच जुना विद्यार्थी. बाजाराच्या वळणावर तिने आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारले, "गोर्यो, तू अजून जातोस का रे पापनिवेदनाला?"

"म्हणजे काय, मॅम! दर पवित्र आठवड्यात."

"काय सांगतोस?"

"तुम्ही शिकवलंत तेच. भावाला मारलं, लोलाला उलट बोललो, पेरू चोरला." तो मागे वळून हसला. "एक शब्द इकडचा तिकडे झाला तर विचारा."

"बाकी काही नाही?"

"बाकी काय असणार? पाठ तेवढाच आहे ना."

गोर्योच्या शर्टाला माडीचा वास येत होता. मागच्या रविवारी चर्चमधली मिस्सा चुकवून तो कोंबड्यांच्या झुंजीला गेला होता, हे अख्ख्या रस्त्याला ठाऊक होते. मॅम तिकायने सळई घट्ट धरली. वळणामुळे नव्हे. हिशेब लागत होता: पुढच्या गल्लीतला न्हावी, मासळीबाजारातल्या बायका, नगरपालिकेतला कारकून. अर्धे गाव वर्षानुवर्षे एका पडलेल्या झाडाचे पेरू चोरत होते.

"गोर्यो, उद्या दुपारी मुलांचं पापनिवेदन पुन्हा आहे. आणि हे नीट ऐक. ते खरं झालं नाही, तर रविवारी मी एकाही मुलाला वेदीपुढे नेणार नाही."

तीनचाकी गचका देऊन थांबली. "मॅम! डुक्कर कापायला माणूस रविवारी पहाटे येणार आहे!"

"येऊ दे."

"बायको सोमवारी जाणार, मॅम. पुन्हा दोन वर्षांनी येईल ती."

"मला माहीत आहे रे," ती म्हणाली. या वेळी तिचा आवाज साधा राहिला नाही.

शनिवारी दुपारी चर्चमध्ये वर्ग बसला तेव्हा बातमी आधीच पोचली होती. मुलांनी वह्या आणि टोक काढलेल्या पेन्सिली आणल्या होत्या.

"मॅम, नवीन पाप सांगा ना," पिद्योंग म्हणाला. "जुनं फादरना आवडलं नाही."

"आणि सावकाश सांगा," मिन्याय म्हणाली. "मागच्या वेळी माझी शेवटची ओळ तिरकी गेली."

मॅम तिकायने तोंड उघडले. जिभेवर वाक्य तयार होते: देवाजवळ खरं बोला, जसं की... आणि त्या 'जसं की'पाशी ती थबकली. पुढे जे येईल ते सगळी मुले जागच्या जागी पाठ करतील. खोटे बोलल्याचा दाखला दिला, तर वर्गभर खोटे. आईला दुखवल्याचा दिला, तर गावातल्या सगळ्या आया दुखावतील. कालच्या खोट्या पेरूबद्दल बोलावे, तर पुढची चाळीस वर्षे मुले सांगत राहतील, की आम्ही पेरू चोरला नाही. तिच्याजवळ जो शब्द होता तो आधी तिचाच होता, आणि नेमकी तीच अडचण होती.

"वह्या बाकाखाली ठेवा," ती म्हणाली. "आज मी काही सांगणार नाही."

मुलांनी वह्या ठेवल्या, पण पेन्सिली हातातच राहिल्या.

"मग आम्ही काय म्हणायचं?"

"ते मला माहीत नाही."

मुलांनी एकमेकांकडे पाहिले. मॅमना माहीत नाही! ही घटना त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होती. दोघीतिघींना ती भयंकर वाटली. एक मुलगा आनंदाने बाकावर उड्या मारू लागला.

"डोळे मिटा आणि गेले काही दिवस आठवा. कुणाशी कसं वागलात ते. तुमचं तुम्हाला सापडेल. मला सांगायचं नाही, शेजारच्याला सांगायचं नाही."

डोळे मिटले गेले. क्षणभर काही झाले नाही. मग कुठूनतरी दबलेला "आईगं!" आला. कुणाला तरी काहीतरी सापडले होते. मग दुसरीकडून खुसखुस, तिसरीकडून हुंदका. मॅम तिकाय बाकांमधून फिरत होती, ओठ मिटून, हात पाठीमागे बांधून. असे गप्प राहताना तिला दम लागल्यासारखे होत होते. कुणाचा सदरा सरळ करावा, कुणाला 'छान' म्हणावे, काहीही करावे. काहीही न करणे हेच आज करायचे होते.

मिन्याय तिच्या झग्याला धरून कुजबुजली, "मॅम, एखाद्या मुलीचं चित्र आपल्यापेक्षा चांगलं आलं आणि आपण त्यावर मुद्दाम..."

"मला नाही, बाळ. तिकडे." तिने कोठडीकडे बोट दाखवले आणि स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

मिन्याय सर्वांत आधी गेली. गेली ती आलीच नाही. काल एवढ्या वेळात निम्मा वर्ग उरकला होता. शेवटी ती बाहेर आली, तेव्हा तिची वेणी सुटलेली होती आणि ती हसत होती.

बाहेर व्हरांड्यात पालक जमू लागले. आधी दोघे, मग दहा. कुणी दरवाजातून डोकावे, कुणी खिडकीशी कान नेई, आणि मॅम तिकायने नुसते पाहिले, की मागे हटे. गोर्यो टोपी हातात चुरगाळत होता. शेजारी त्याची म्हातारी आई, लोला सिंदा, जपमाळ ओढत होती, पण मणी बराच वेळ पुढे सरकला नव्हता.

"इंदाय," म्हणजे पोरी, अशी लोला सिंदाने मॅम तिकायला हळूच हाक मारली, "घरच्या गोष्टी चर्चमध्ये सांगायच्या नसतात, हे शिकवलंयस ना पोरांना?"

"आपलं स्वतःचं सांगायचं असतं, लोला."

"पण आमच्या पोराला एक सांग म्हटलं, की तो आजूबाजूचं पण सांगतो."

"मॅम," गोर्यो म्हणाला, "फादर मोठ्यांची नावं घेऊ देतात का?"

पालकांतली एक मासळीवाली फिदीफिदी हसली. "कशाला घाबरतोस रे? झुंजीचं तर आख्खं गाव जाणतं. आता देवाला कळलं, एवढंच."

"आणि तुझ्या तराजूचं?" गोर्यो फणकारला.

मासळीवालीचे हसू मावळले. तिचा मुलगा रांगेत तिसरा होता.

आत पिद्योंगची पाळी आली. तो पायरीशी थबकला, वळला. "मॅम, शेवटची प्रार्थना तुम्ही शिकवलेलीच म्हणू ना?"

"ती तशीच. मधलं फक्त तुझं."

पडदा पडला. सुरुवातीची प्रार्थना ऐकू आली, घडघड, तिच्याच चालीत. मग थांबली. मॅम तिकायला वाटले, जणू आत आपणच गुडघे टेकून बसलो आहोत. मधल्या त्या गप्प जागेत पोरगा एकटा होता, आणि ती त्याला एक अक्षरही पुरवू शकत नव्हती. व्हरांड्यात त्याची आई, नुकतीच समुद्र ओलांडून आलेली, भिंतीला टेकून डोळे मिटून उभी होती. मग पडद्याआडून पिद्योंगचा आवाज पुन्हा सुरू झाला. कुठल्याच चालीत नव्हता तो; अडखळत, घाईत, मधेच चढत, जसा तो मैदानात बोलत असे.

पिद्योंग बाहेर आला तो उडी मारूनच. धावत गेला आणि आईच्या कमरेला मिठी मारून तिच्या पोटात तोंड खुपसून काहीतरी बोलला. काय ते कुणालाच कळले नाही. आईने त्याला घट्ट धरले आणि रडता रडता गोर्योला म्हणाली, "डुक्करवाल्याला थांबायला सांगू नकोस."

ऊन कलले. मासळीवालीचा मुलगा आला, उड्या मारणारा आला, शेवटची लाल दोऱ्याची मुलगी आली. व्हरांड्यात आता जत्रा भरली होती, मुले ओरडत होती, "मी माझं स्वतःचं सांगितलं!" जणू पोहायला शिकून आली होती. आणि मग कुणाच्या लक्षात येण्याआधी गोर्यो टोपी काखेत मारून पडद्याआड शिरला. त्याच्यामागे मान खाली घालून मासळीवाली उभी राहिली.

मॅम तिकाय मासळीवालीच्या मागे उभी राहिली.

तिची पाळी आली तेव्हा चर्चमध्ये दिवा लावला होता. तिने गुडघे टेकले, प्रार्थना म्हटली. पुढचे शब्द आपोआप ओठांवर आले: मुलांवर चिडले, नवऱ्याशी तुटक वागले, जपमाळ चुकवली. दरवर्षी हेच. दर महिन्याला हेच. तिला एकाएकी कळेना, की हे तिला कोणी शिकवले होते.

ती गप्प बसली. जाळीपलीकडे फादर ओनेसिमोही गप्प होते. खाकरले नाहीत, काही पुरवले नाही. बाहेर मुले चर्चा करत होती.

"मॅमना एवढा वेळ का लागतोय?"

"शूः! त्यांना सापडत नसेल."

"मी जाऊन सांगू का?"

तिला हसू फुटले आणि त्या हसण्याबरोबरच काहीतरी मोकळे झाले. "फादर," ती म्हणाली, आणि आवाज तिलाच अनोळखी वाटला, "मला गप्प मुलांची भीती वाटते. म्हणून मी त्यांना बोलायला जागाच दिली नाही." मग ती बराच वेळ बोलत राहिली.

रविवारी सकाळी घंटा इतकी जोरात वाजली, की कबुतरे मनोऱ्यावरून उठून थेट समुद्रापर्यंत गेली. पांढरे फ्रॉक, पांढरे सदरे, केसांना खोबरेल, रस्त्यावर भाजत्या डुकरांचा खमंग धूर. मुले रांगेने वेदीपुढे आली. पिद्योंगची आई पहिल्या ओळीत होती.

दरवर्षी या क्षणी मॅम तिकाय समोर उभी राहून ओठांनी प्रत्येक शब्द मुलांच्या आधी म्हणत असे, आणि मुले तिच्या ओठांवर डोळे लावून म्हणत. आज ती मागच्या खांबाशी उभी राहिली. मुलांनी मान वळवून तिला शोधले. ती दिसली, पण तिचे ओठ मिटलेले होते.

पहिली ओळ एकत्र निघाली. दुसरीवर सगळे लटपटले. कुणी पुढे गेले, कुणी मागे राहिले, मिन्यायचा आवाज एकटाच उंच लटकला. बाकांवर आया खाकरल्या. मॅम तिकायने दोन्ही हातांनी खांब धरला. मग कुणीतरी मधूनच शब्द पकडला, दुसऱ्याने त्याला गाठले, आणि वेगवेगळ्या उंचीचे, वेगवेगळ्या चालीतले ते सगळे आवाज धडपडत, एकमेकांच्या पायात येत, प्रार्थनेच्या शेवटापर्यंत पोचले. फादर ओनेसिमोंनी पहिली शुभ्र चकती उचलली, आणि पिद्योंगने डोळे खाली घालून, शक्य तितकी लांब जीभ बाहेर काढली.